कुऱ्हाड जिथे अडली: प्रवासात पुरातन जंगल कसं शोधायचं

१८८२ साली अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात जमीन मोजणाऱ्या एका तुकडीकडून चूक झाली. कॉडिंग्टन नावाचं तळं त्यांनी नकाशावर खऱ्या जागेपासून सुमारे अर्धा मैल वायव्येला सरकवून काढलं. तो काळ पाइनच्या लाकडाच्या लुटीचा होता. लाकूड कंपन्या नकाशे बघून जमिनीचे तुकडे विकत घ्यायच्या आणि साफ करायच्या. नकाशात जिथे पाणी दाखवलंय तो तुकडा कोण घेणार? प्रत्यक्षात जमिनीवर उभं असलेलं १४४ एकरांचं जंगल कागदावर पाण्याखाली गेलं आणि त्यामुळेच वाचलं. चिपेवा राष्ट्रीय वनातल्या या जागेला आज 'लॉस्ट फॉर्टी' म्हणतात. तिथले काही पाइन तीनशे वर्षांहून जुने आहेत.

जगात शिल्लक राहिलेल्या बऱ्याच पुरातन जंगलांमागे अशी काहीतरी गोष्ट असते. कुणीतरी जंगलाचं मोल वेळेत ओळखून ते राखलं, असं क्वचित घडलं. कड्यामुळे, चिखलामुळे, राजाच्या शिकारीच्या हौसेमुळे, देवाच्या धाकामुळे किंवा निव्वळ कारकुनी चुकीमुळे कुऱ्हाड अडली, असंच बहुतेक वेळा झालं. म्हणून प्रवासात असं जंगल गाठायचं असेल तर 'मोठी झाडं कुठे आहेत' हा प्रश्न जरा बाजूला ठेवावा आणि 'इथे कुऱ्हाड का पोचली नसेल' असं विचारावं. नकाशा वेगळाच दिसायला लागतो.

पुरातन म्हणजे किती जुनं?

'ओल्ड ग्रोथ' या शब्दाची सगळ्यांना मान्य असलेली एकच व्याख्या नाही, पण गाभा सोपा आहे. मोठी तोड झाली नाही, नांगर फिरला नाही, फार मोठी आपत्तीही आली नाही, असा पुरेसा काळ जंगलाला मिळाला की त्यात सगळ्या वयांची झाडं एकत्र नांदू लागतात. नुकतं रुजलेलं रोप, तरणं झाड, म्हातारं झाड, उभ्या उभ्या वठलेलं झाड आणि आडवं पडून कुजत चाललेलं झाड. यातली शेवटची दोन सगळ्यात महत्त्वाची. रोपं कुणालाही लावता येतात. दीडशे वर्षं उभं राहून, वठून, पडून, मग आणखी पन्नास वर्षं कुजलेला ओंडका कुठल्याही रोपवाटिकेत मिळत नाही.

याच्या आसपास फिरणारे आणखी दोन शब्द प्रवाशाला हमखास चकवतात. 'प्राथमिक जंगल' म्हणजे माणसाच्या हस्तक्षेपाच्या ठळक खुणा नसलेलं, आपोआप वाढलेलं देशी झाडांचं जंगल. जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या २०२० च्या आढाव्यानुसार जगात असं जंगल १.११ अब्ज हेक्टर, म्हणजे एकूण जंगलाच्या पाव हिश्शाहून जास्त आहे, आणि त्यातलं ६१ टक्के ब्राझील, कॅनडा आणि रशिया या तीनच देशांत आहे. दुसरा शब्द ब्रिटनमधला 'एन्शंट वुडलंड'. इंग्लंड-वेल्समध्ये १६०० पासून आणि स्कॉटलंडमध्ये १७५० पासून जी जमीन सलग झाडीखाली आहे तिला हे नाव मिळतं. यात जुनी आहे ती जमीन. वरची झाडं पन्नास वर्षांपूर्वी ओळीत लावलेली सूचिपर्णी असू शकतात, आणि बऱ्याच ठिकाणी तशी आहेतही. ही यादी हातात घेऊन राक्षसी ओक बघायला गेलेला माणूस हिरमुसून परततो. चूक यादीची नसते.

तिसरा चकवा पर्यटनाच्या जाहिरातींतला: 'जगातलं सर्वात जुनं वर्षावन, कोट्यवधी वर्षांचं'. ऑस्ट्रेलियातलं डेनट्री आणि मलेशियातलं तामान नेगारा या दोघांबद्दल असं लिहिलेलं सापडेल. त्याचा अर्थ एवढाच की त्या भागात वर्षावनाचा वंश फार मागे जातो; डेनट्रीत तर अतिप्राचीन फुलझाडांच्या कुळांचे वारस अजून उगवतात. तिथलं एखादं झाड कोट्यवधी वर्षांचं नसतं, हे सांगायची गरज नाही. पण प्रत्येक पायवाट अस्पर्श जंगलातूनच जाते, असंही त्यातून सिद्ध होत नाही.

आणि आकार? आकारावर भरवसा ठेवणाऱ्यांसाठी कॅनडातला नायगारा एस्कार्पमेंट हा कडा बघण्यासारखा आहे. त्याच्या चुनखडीच्या भिंतीला लटकून वाढणारे पांढरे सीडार खुजे, पिळवटलेले, काही तर माणसाच्या मांडीएवढेही जाड नाहीत. १९८० च्या दशकाच्या शेवटी ग्वेल्फ विद्यापीठाच्या संशोधकांनी त्यांची वलयं मोजली तेव्हा काहींचं वय हजाराच्या घरात निघालं. तोवर त्या कड्याखालून गाड्यांची ये-जा चालूच होती आणि वर एक पुरातन जंगल आहे हे कुणाच्या गावीही नव्हतं. कॅलिफोर्नियाच्या व्हाइट माउंटन्समधले ब्रिसलकोन पाइनही तसेच, बुटके आणि अर्धे वठलेले. त्यातल्या 'मथुसेला' या झाडाचं वय ४,८०० वर्षांहून जास्त आहे. ते नेमकं कोणतं हे वनविभाग सांगत नाही, आणि ते बरंच आहे.

उलट उदाहरण व्हँकूवर बेटावरचं. पोर्ट रेनफ्रूजवळचा 'बिग लोनली डग' हा ६६ मीटर उंचीचा डग्लस फर. झाड प्रचंड, वय प्रचंड. पण २०११-१२ च्या सुमारास भोवतालचं सगळं जंगल तोडताना हे एकच झाड राखून ठेवलं गेलं, आणि आता ते उघड्या माळावर एकटं उभं आहे. पुरातन झाड आणि पुरातन जंगल यातला फरक त्या एका जागी जेवढा कळतो तेवढा कुठल्याच व्याख्येतून कळणार नाही.

कुऱ्हाड कशाकशाने अडते

सगळ्यात साधं कारण म्हणजे चढ. सॅन फ्रान्सिस्कोजवळचं म्युअर वुड्स हे रेडवुडचं जंगल एका अवघड घळीत होतं. तिथून लाकूड बाहेर काढणं परवडत नव्हतं, म्हणून आजूबाजूचे रेडवुड गेले तरी ते राहिलं. १९०५ मध्ये विल्यम केंट आणि त्यांच्या पत्नी एलिझाबेथ यांनी ती जमीन विकत घेतली. पुढे एका पाणी कंपनीने तिथे धरण बांधण्यासाठी ती जबरदस्तीने ताब्यात घेण्याचा घाट घातला, तेव्हा केंटनी जमीन थेट केंद्र सरकारला देऊन टाकली आणि १९०८ मध्ये ते राष्ट्रीय स्मारक झालं. किनारी रेडवुडच्या मूळ जंगलातलं आज सुमारे ५ टक्केच उरलंय. म्हणून त्या एका घळीवर माणसांची एवढी झुंबड असते.

चढानंतर चिखल. दक्षिण कॅरोलिनातल्या काँगरीत नदीचं पाणी वर्षातून अनेकदा जंगलात शिरतं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तिथे तोड सुरू झाली होती, पण ओल्या जमिनीवर यंत्रं चालेनात आणि तोडलेले कितीतरी ओंडके पाण्यात तरंगण्याऐवजी बुडायचे. कंपनीने नाद सोडला. १९६९ च्या सुमारास लाकडाचे भाव वाढल्यावर पुन्हा धोका आला, तेव्हा लोकांनी चळवळ केली. १९७६ मध्ये राष्ट्रीय स्मारक आणि २००३ मध्ये राष्ट्रीय उद्यान. पुराच्या पाण्यात उभ्या असलेल्या रुंदपर्णी झाडांचं इतकं मोठं सलग पुरातन जंगल अमेरिकेच्या त्या आग्नेय भागात दुसरं नाही. शेजारच्या उत्तर कॅरोलिनातल्या ब्लॅक रिव्हरच्या पाणथळीत तर बाल्ड सायप्रसचं एक झाड किमान २,६२४ वर्षांचं असल्याचं २०१९ मध्ये प्रसिद्ध झालं. दलदल म्हटलं की आपण नाक मुरडतो. नकाशावर दलदल दिसली की थांबून बघावं.

माझं सगळ्यात आवडतं कारण वाकडेपणा. जपानच्या याकुशिमा बेटावरचे सीडार एदो काळात (सतराव्या ते एकोणिसाव्या शतकात) मोठ्या प्रमाणावर तोडले गेले. बेटावरचे लोक कर म्हणून छपराच्या लाकडी फळ्या भरत, आणि पातळ फळी सरळ रेषांच्या खोडातूनच निघते. म्हणून सरळ झाडं गेली. ज्यांच्या खोडाला गाठी होत्या, पीळ होता, पोकळी होती, ती कुणाच्याच कामाची नव्हती. बेटावरचा सर्वात प्रसिद्ध 'जोमोन सुगी' असाच फुगलेला, गाठाळलेला. त्याच्या वयाचे अंदाज २,००० पासून ७,००० वर्षांपर्यंत फिरतात, कारण आतून पोकळ झाडाची वलयं मोजणार कशी? त्याच्याकडे जाणारी जाऊन-येऊन सुमारे २२ किलोमीटरची वाट बराच वेळ एका अरुंद रुळांवरून जाते. ते रूळ लाकूड वाहण्यासाठीच टाकलेले होते. तोडणाऱ्यांच्या रस्त्यानेच आपण न तोडलेल्या झाडापाशी पोचतो. वाटेत विल्सनचा बुडखाही लागतो, सोळाव्या शतकात तोडलेल्या झाडाचा. त्याच्या पोटात माणसं आरामात उभी राहतात.

सत्ता हेही एक कारण. पोलंड आणि बेलारूसच्या सीमेवरचं बियावोविएझा शतकानुशतकं राजांचं आणि नंतर झारांचं शिकारीचं रान होतं. माँटेनेग्रोतलं बियोग्राद्स्का गोरा १८७८ च्या सुमारास राजा निकोलाकडे गेलं आणि राखलं गेलं. जर्मनीतल्या हाइनिख जंगलाचा बराच भाग लष्करी सरावाच्या हद्दीत होता. गोळीबार चालायचा तिथे लाकूडतोड्या फिरकला नाही, आणि आता तिथली बीचची झाडं जागतिक वारशात आहेत. फ्रान्समधल्या फोंतेनब्लोच्या काही भागाची तोड तर चित्रकारांनी थांबवली. आपली चित्रं काढायची झाडं जातायत म्हणून त्यांनी आरडाओरडा केला आणि १८६१ च्या हुकुमाने हजारभर हेक्टर 'कलात्मक राखीव' झालं.

मग श्रद्धा. जपानमधल्या नारा शहराला लागून असलेल्या कासुगायामा डोंगरावर इसवी सन ८४१ पासून शिकार आणि तोड बंद आहे. उत्तर इथिओपियात बोडक्या शेतांच्या मधोमध चर्चभोवती राखलेल्या झाडीचे गोल ठिपके उपग्रहाच्या चित्रातही उठून दिसतात. ज्यांना देवराई हा शब्द ठाऊक आहे त्यांना याबद्दल जास्त सांगायला नको. फक्त एवढंच की अशा ठिकाणी आपण जंगलात जातो तसे कुणाच्या तरी देवळातही जात असतो, त्यामुळे आधी परवानगी विचारावी.

घरबसल्या शोध

पहिली युक्ती अगदी स्वस्त आहे: त्या देशाच्या भाषेत शोधा. इंग्रजी शब्दाने शोधलं की तीच पाच-सहा प्रसिद्ध नावं येतात. जर्मनीत आणि ऑस्ट्रियात 'उर्वाल्ड' किंवा 'नाटुरवाल्डरेझर्वाट', बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये 'बानवाल्ड'. चेक भाषेत 'प्रालेस', पोलिशमध्ये 'पुश्चा', बोस्नियन-सर्बियन-क्रोएशियनमध्ये 'प्राशुमा', स्लोवेनियात 'प्रागोज्द', स्वीडिशमध्ये 'उरस्कूग'. इटलीत 'फोरेस्ता वेतुस्ता', स्पॅनिशमध्ये 'बोस्के प्रिमारियो', जपानीत 'गेनसेइरिन'. भाषांतराच्या अॅपमधून शब्द त्या लिपीत उतरवून नकाशावर टाकला तर गावाशेजारचे दहा-वीस हेक्टरचे तुकडेही वर येतात, ज्यांच्याबद्दल इंग्रजीत कुणी ओळही लिहिलेली नसते. युरोपात हे फार कामाचं, कारण युरोपीय संघाच्या जंगलांपैकी जेमतेम ३ टक्के पुरातन उरलंय आणि त्यातलं बरंच असं विखुरलेलं आहे.

पण नावावर जाऊ नका. जर्मनीतल्या 'उर्वाल्ड साबाबुर्ग'च्या नावातच आदिम जंगल आहे. प्रत्यक्षात ते शतकानुशतकं गुराढोरांचं चराऊ रान होतं. तिथले ओक अवाढव्य आणि देखणे आहेत, १९०७ पासून ती जागा राखीवही आहे, आणि जायलाच हवं अशी जागा आहे. फक्त ते पुरातन जंगल नाही. झाडाकडे बघूनच ते कसं ओळखायचं ते पुढे येईलच.

नावापेक्षा संरक्षणाचं साल जास्त बोलकं असतं. जर्मनीच्या ब्लॅक फॉरेस्टमधल्या 'विल्डर झे' या बानवाल्डला १९११ पासून हात लावलेला नाही. त्याच डोंगरांत इतरत्र मैलोन् मैल लावलेला स्प्रूस आहे. चेक प्रजासत्ताकातलं झोफीन १८३८ पासून आणि बोउबीन १८५८ पासून राखलंय. १८५८ मध्ये जे 'जुनं' म्हणून राखलं गेलं ते आज किती जुनं असेल, हे गणित सोपं आहे. याउलट एखादं उद्यान १९९५ मध्ये जाहीर झालं असेल तर त्याआधी तिथे काय चालायचं ते वाचल्याशिवाय जाऊ नये.

तयार याद्याही आहेत. अमेरिकेत 'ओल्ड ग्रोथ फॉरेस्ट नेटवर्क' ही संस्था जोन मलूफ यांनी २०१२ मध्ये सुरू केली. जिथे जंगल वाढू शकतं अशा प्रत्येक काउंटीत लोकांना जाता येईल असं एक तरी जुनं जंगल कायमचं राखायचं, हा तिचा उद्देश. लोकांना जाता येईल ही अट आधीच लावलेली असल्याने प्रवाशाला ही यादी सर्वात सोयीची. युरोपसाठी युनेस्कोची 'प्राचीन आणि आदिम बीच जंगलं' ही एकच वारसानोंद पुरे: २००७ मध्ये स्लोवाकिया आणि युक्रेनपासून सुरू झालेली ही नोंद २०२१ मध्ये १८ देशांतल्या ९४ जागांपर्यंत पोचली. 'प्रोटेक्टेड प्लॅनेट' या संकेतस्थळावर जगभरची संरक्षित क्षेत्रं त्यांच्या वर्गासकट दिसतात. तिथे 'एक-अ' वर्ग म्हणजे सर्वात कडक संरक्षण. गंमत अशी की जंगल जितकं अस्सल तितकी आत शिरण्याची शक्यता कमी.

उष्ण कटिबंधात जायचं असेल तर 'ग्लोबल फॉरेस्ट वॉच'च्या नकाशावर प्राथमिक वर्षावनांचा थर चालू करून बघावा. त्याच नकाशावर 'अभंग जंगलभूमी' असाही एक थर आहे. त्यात किमान ५०० चौरस किलोमीटरचे सलग पट्टेच धरतात, म्हणून एखादा लहान पण अस्सल तुकडा तिथे दिसला नाही तर निराश होऊ नये.

शेवटी उपग्रहाचं चित्र. वरून पाहिल्यावर लागवडीचं जंगल गालिच्यासारखं दिसतं: एकच पोत, एकच छटा, कडा सरळ. तोडून पुन्हा लावलेल्या डोंगराची गोधडी झालेली असते, ठिगळं ठिगळं वेगळी. पुरातन जंगलाचा पृष्ठभाग खडबडीत असतो. लहान-मोठे शेंडे, मध्येच काळी भोकं, मध्येच वठलेल्या झाडांचे राखाडी ठिपके. नागमोडी कच्चे रस्ते डोंगरभर पसरलेले असतील तर ते लाकडाचे ट्रक नेण्यासाठीच काढलेले असतात. रस्ते जिथे अचानक संपतात त्याच्या पलीकडे बघा. गूगल अर्थमध्ये जुनी चित्रंही बघता येतात. दोन-तीन दशकं मागे जाऊन शेजारच्या डोंगरांचं काय झालं ते बघितलं की मधला तुकडा किती नशीबवान आहे ते कळतं.

आत गेल्यावर काय बघायचं

पहिल्या भेटीत बऱ्याच जणांचा हिरमोड होतो, आणि त्याला कारण आहे. डोळ्यांना सवय असते ती उद्यानासारख्या नीटनेटक्या झाडीची. पुरातन जंगल पसारा घालून बसलेलं असतं.

म्हणून वर न बघता आधी खाली बघा. पडलेले ओंडके कुजण्याच्या कोणकोणत्या टप्प्यांत आहेत? एकाची साल अजून घट्ट असेल, दुसऱ्यावर शेवाळ चढलेलं असेल, तिसऱ्यात बोट सहज रुतेल, चौथा नुसता तांबूस मातीचा लांबट उंचवटा होऊन राहिलेला असेल. चारही सापडले तर इथे फार काळ कुणी सफाई केलेली नाही. अशा ओंडक्याच्या पाठीवर पुष्कळदा रोपांची रांग रुजलेली दिसते. अमेरिकेतल्या ऑलिंपिक राष्ट्रीय उद्यानातल्या होह वर्षावनात मोठमोठे स्प्रूस अगदी ओळीत उभे आहेत आणि त्यांची मुळं जमिनीपासून वर, कमानीसारखी. खालचा ओंडका कधीच कुजून गेला, त्याच्यावर रुजलेली रांग तेवढी उरली. एरवी ओळ म्हणजे लागवड; इथे ओळ म्हणजे नेमकं उलट.

मग जमिनीचा उंचसखलपणा. मोठं झाड उन्मळतं तेव्हा मुळांबरोबर मातीचा मोठा गड्डाच उचकटून येतो. मागे खड्डा राहतो आणि शेजारी उंचवटा. झाड कुजून नाहीसं झालं तरी हे खड्डे-उंचवटे शेकडो वर्षं टिकतात. नांगर फिरला की मात्र सगळं सपाट. त्यामुळे भव्य झाडांखाली जमीन अगदी गुळगुळीत लागली तर तिथे कधीकाळी शेत होतं असं समजायला हरकत नाही.

आता झाडं. दाटीत वाढलेलं झाड उजेडासाठी आधी सरळ वर जातं, त्यामुळे त्याचं खोड बऱ्याच उंचीपर्यंत बिनफांद्यांचं असतं. ज्याच्या जाडजूड फांद्या खालपासूनच आडव्या पसरल्यात ते मोकळ्या रानात वाढलं. साबाबुर्गच्या ओकांचं बिंग याच खुणेने फुटतं. खूप म्हातारं झाड शेंड्याला मोडकं किंवा सुकलेलं असतं, फांद्या थोड्या पण जाड, खोडात ढोल्या, साल एकतर खोल भेगांची किंवा उलट काही जातींत झिजून गुळगुळीत झालेली. समशीतोष्ण जंगलात एकाच बुडातून तीन-चार खोडं फुटलेली दिसली तर पूर्वी तोड होऊन तिथे धुमारे आले, ही शक्यता मोठी. सपाट कापलेले बुडखे, जुने दगडी बांध, सालीत रुतलेली तार यांचा अर्थ सांगायला नको. आणि खोडांवर पानासारखं पसरलेलं, फुफ्फुसाच्या आतल्या बाजूसारखं खळग्याखळग्यांचं 'लोबेरिया पल्मोनेरिया' हे दगडफूल सापडलं तर खूश व्हा. स्वच्छ हवा आणि दीर्घकाळ न मोडलेलं जंगल असल्याशिवाय ते सहसा टिकत नाही.

उष्ण कटिबंधात यातले काही नियम उलटतात. तिथल्या पुष्कळ झाडांना वर्षागणिक स्पष्ट वलयं पडत नाहीत, ओंडके भराभर कुजतात. आणि 'घनदाट जंगल' म्हणून डोळ्यांपुढे येणारं, पाऊल टाकू न देणारं वेलींचं जाळं हे बहुधा जंगलाची कड, नदीकाठ किंवा तोडीनंतर वाढलेलं रान असतं. खऱ्या जुन्या वर्षावनात वरच्या छतातून इतका कमी उजेड खाली येतो की जमिनीलगत चालायला बरीच जागा असते.

आणखी एक अपवाद सांगून ठेवतो. टास्मानियातल्या आणि व्हिक्टोरियातल्या 'माउंटन अॅश' या निलगिरीच्या जंगलात सगळी मोठी झाडं एकाच वयाची असू शकतात. मोठ्या वणव्यानंतर बी एकदम रुजतं आणि सगळी पिढी बरोबर वाढते. तिथे समान वय हा लागवडीचा पुरावा धरू नये.

जाताना

बियावोविएझाच्या पोलिश बाजूचा कडक संरक्षित भाग परवानाधारक वाटाड्याबरोबरच बघता येतो, आणि मला ते अडचणीपेक्षा फायद्याचंच वाटतं. पसाऱ्याचा अर्थ लावून देणारं कुणीतरी सोबत हवंच. २०२२ मध्ये पोलंडने सीमेवर जंगलातूनच कुंपण उभारलं, त्यामुळे सीमेलगत कुठपर्यंत जाता येतं ते निघण्याआधी तपासावं. बोस्नियातल्या पेरुचित्सालाही वाटाड्या लागतो. ऑस्ट्रियातल्या रोथवाल्डचं सुमारे ४०० हेक्टर जंगल अल्बर्ट रोथशिल्ड यांनी १८७५ मध्ये विकत घेऊन राखलं. तिथे मोजक्या मार्गदर्शित फेऱ्यांतूनच प्रवेश मिळतो. बोउबीनच्या गाभ्याला कुंपण आहे आणि वाट त्याच्या कडेकडेने जाते. म्युअर वुड्सला गाडी उभी करण्याचं किंवा शटल बसचं आरक्षण आधी करावं लागतं. तारखा ठरवण्याआधी हे बघा, विमानाचं तिकीट काढल्यावर नको.

नियम कडक का, ते झाडाच्या मुळांशी कळतं. रेडवुड शंभर मीटरच्या वर जातो, पण त्याची मुळं खोल नसतात, उथळ आणि दूरवर पसरलेली असतात. पायांनी माती दाबली गेली की त्यांना हवा आणि पाणी मिळत नाही. जगातलं सर्वात उंच ज्ञात झाड 'हायपेरियन', सुमारे ११६ मीटर, २००६ मध्ये सापडलं. जागा गुप्त ठेवली होती, पण ती इंटरनेटवर फुटली. लोकांनी वाट नसलेल्या रानातून वाटा पाडल्या आणि बुंध्याभोवतीची नेची तुडवून संपवली. २०२२ पासून तो भाग बंद आहे; सापडल्यास ५,००० डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत तुरुंग. जवळच्या 'ग्रोव्ह ऑफ टायटन्स'चीही तीच कथा, पण तिथे जमिनीपासून उंच अशी जाळीची पायवाट बांधून २०२२ मध्ये ती जागा पुन्हा खुली केली. बघायचंच असेल तर तिथे जावं. आणि जिथे फलक नाही, वाट नाही, असं एखादं झाड आपल्याला सापडलं तर त्याचं ठिकाण फोटोबरोबर टाकू नये. हायपेरियनचं नुकसान करणाऱ्यांतला प्रत्येक जण झाडांवर प्रेम करणाराच होता.

न्यूझीलंडमधल्या वाइपोआ जंगलात 'ताने माहुता' हा काउरी या स्थानिक सूचिपर्णी जातीचा सर्वात मोठा जिवंत वृक्ष आहे, उंची सुमारे ५० मीटर, घेर जवळजवळ १४ मीटर. तिथे शिरताना आणि निघताना बूट घासून, जंतुनाशकाने धुवून घ्यावे लागतात. काउरीची मुळं मारणारा 'फायटॉफ्थोरा' वर्गातला एक सूक्ष्मजीव मातीतून पसरतो आणि तो पूर्ण बरा करणारा उपाय अजून नाही. बुटाच्या खाचेतली चिमूटभर ओली माती पुरते. एका प्रवासात दोन-तीन जंगलं बघणार असाल तर कुणी सांगो न सांगो, प्रत्येक जंगलाआधी बूट कोरडे आणि स्वच्छ असू द्या.

वेळ मोजकाच असेल तर एकच जंगल घ्या, आणि त्यातलीही एकच छोटी वाट दोनदा चाला. जाताना सगळे वर बघतात. खड्डे, ओंडके, दगडफुलं येताना दिसतात. फोनच्या नकाशावर विसंबू नका. दाट छताखाली आणि घळीत फोनला रेंज नसते आणि ठिकाणही चुकीचं दाखवतो. नकाशा आधीच उतरवून ठेवा, शक्य तर कागदावर.

जोराचा वारा सुटलेल्या दिवशी मात्र बेत रद्द करा. ज्या वठलेल्या झाडांसाठी आणि सुकलेल्या शेंड्यांसाठी आपण इतक्या लांब आलो, ती वाऱ्यात कोणत्याही क्षणी खाली येतात, आणि अशा जंगलात ती आधीच छाटून ठेवणारं कुणी नसतं. मुक्कामाचे दोन दिवस ठेवले असतील तर दुसऱ्या दिवशी जाता येतं.